हूकरची अळंबी

अळंबीच्या एका मोठ्या खानदानाला मराठीने 'कुत्र्याची छत्री' म्हणून कायमचं निकालात काढलंय. भूछत्र हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, शाळेच्या पुस्तकातला. अळंबी हा खाण्याचा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळावर उगवणाऱ्या अळंबीसाठी माणसं पहाटे रान तुडवतात आणि आपली जागा सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाहीत. पण एकदा घाट चढून शहरात आलं की अळंबी म्हणजे प्लास्टिकच्या डबीतली पांढरी बटणं आणि पिझ्झ्यावरचं टॉपिंग, संपलं.

त्यामुळे सध्या शनिवार-रविवार मी हिमालयातल्या रानअळंब्यांबद्दल वाचत बसलोय असं म्हटलं की ऑफिसातली मंडळी आधी डोळा मारून विचारतात, "ती 'तसली' का रे?" तसली नाही. प्रश्न अगदी साधा आहे. सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरात कुठली अळंबी कुठे उगवते हे आपल्याला कसं माहीत झालं? म्हणजे कोणी बघितलं, कोणी लिहून ठेवलं, आणि जे लिहून ठेवलं ते आज कुठे आहे? डेटाबेसमधल्या एखाद्या विचित्र नोंदीच्या मागे लागावं आणि ती नोंद पावणेदोनशे वर्षं जुनी निघावी, तसं काहीसं झालं.

ही नोंद घालणाऱ्याचं नाव जोसेफ डाल्टन हूकर. १८१७ चा जन्म. वडील लंडनजवळच्या क्यू इथल्या सरकारी वनस्पती उद्यानाचे संचालक. पोरगा विशीत असतानाच दक्षिण ध्रुवाकडच्या जहाजांवर चार वर्षं फिरून आलेला, चार्ल्स डार्विनचा जवळचा मित्र. १८४८ च्या एप्रिलमध्ये तो दार्जिलिंगला पोचला तेव्हा तिशीचा होता. दार्जिलिंग तेव्हा अगदी नवं होतं, सिक्कीमच्या राजाकडून इंग्रजांनी १८३५ मध्ये घेतलेलं. तिथे ब्रायन हॉजसन नावाचे एक निवृत्त अधिकारी राहत होते, नेपाळ दरबारात इंग्रजांचे रेसिडेंट म्हणून राहिलेले, पक्षी-प्राणी आणि बौद्ध पोथ्या दोन्हींचे नादी. हूकर पुढे त्यांच्याच घरी राहिला.

पुढची दोन वर्षं तो पूर्व नेपाळ आणि सिक्कीममध्ये हिंडला. 'हिंडला' म्हणजे पाठीवर सॅक टाकून नव्हे. १८४८ च्या ऑक्टोबरात तो नेपाळच्या बाजूला निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात ५६ माणसं होती : हमाल, पहारेकरी, झाडावर चढणारे, पक्षी टिपणारे, आणि वाळवणीचे कागद बदलणारी पोरं. यातले काही जण लेपचा, म्हणजे तिथले मूळचे रहिवासी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत 'हूकरने गोळा केलेले नमुने' असं एकवचनात छापलेलं असतं तेव्हा या पंचावन्न जणांची आठवण ठेवायला हवी. कुठलं झाड कुठल्या उताराला मिळेल हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. साहेबाला ते चढून गेल्यावर कळत होतं.

आता झाडाचा नमुना करणं सोपं. फांदी तोडा, कागदात दाबा, वाळवा, नाव घाला. अळंबीचं तसं नाही. नव्वद टक्के पाणी, त्यात सिक्कीमचा पावसाळा. सकाळी खुडलेली अळंबी संध्याकाळपर्यंत काळी पडते, दुसऱ्या दिवशी तिच्यात अळ्या. विस्तवावर वाळवली तर रंग जातो, आकार जातो, वास जातो, आणि उरतो तो चामड्याचा तुकडा. अळंबी ओळखायच्या खुणा नेमक्या याच : ताजेपणीचा रंग, मोडल्यावर रंग बदलतो का, देठावर कडं आहे का, वास कसला. म्हणून हूकर जागेवरच रंगीत चित्रं काढायचा, बाजूला टिपणं लिहायचा, आणि चित्र, टिपण, वाळका तुकडा असा सगळा ऐवज कलकत्त्याहून जहाजाने इंग्लंडला रवाना व्हायचा.

तिकडे तो उघडून बघणारा माणस हूकरपेक्षाही मला जास्त आवडलाय. रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या किंग्ज क्लिफ नावाच्या खेड्यात राहणारा पाद्री. रविवारी चर्च, घरात मोठा संसार, तो चालवायला शिकवण्या, आणि उरलेल्या वेळात बुरशी. डार्विनने 'बीगल'वरून आणलेल्या बुरश्या यानेच तपासल्या, हूकरने दक्षिण ध्रुवाकडून आणलेल्याही यानेच. आयुष्यभरात त्याने बुरशीच्या सुमारे सहा हजार जातींना नावं दिली. तेही वीकेंड प्रोजेक्ट म्हणून! (आपण इथे महिन्याला एक लेख टाकताना धापा टाकतो.)

बर्कलीचं खरं मोठं काम मात्र अळंबीवरचं नाही. १८४५ मध्ये आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक शेतातच कुजलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे दहा लाख माणसं मेली. पानांवर पांढरट बुरशी दिसत होती, हे सगळ्यांना मान्य होतं. पण बहुतेक जाणकारांचं म्हणणं असं, की ओल्या हवेने बटाटा सडला आणि सडल्यावर त्याच्यावर बुरशी आली. बर्कलीने १८४६ मध्ये उलटं मांडलं : बुरशी आधी, सडणं नंतर. त्याचं बरोबर होतं हे पक्कं सिद्ध व्हायला १८६१ उजाडलं, आणि ते केलं अंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने. गंमत म्हणजे त्या जीवाला आता शास्त्रज्ञ बुरशी मानतच नाहीत, त्याची वंशावळ वेगळी निघाली. असो. मुद्दा इतकाच की सिक्कीमची पार्सलं ज्या टेबलावर उघडली जात होती, तिथे बुरशी हा रिकामपणचा उद्योग नव्हता. त्या विषयात माणसं मरत होती.

हूकरच्या पार्सलांतल्या जाती बर्कलीने १८५० पासून हूकरच्याच वडिलांच्या नियतकालिकात दहा-दहाच्या गटांनी छापायला सुरुवात केली. त्यातली एक सांगतो.

१८४९ चा पावसाळा हूकरने लाचेन आणि लाचुंगच्या खोऱ्यांत काढला. दरडी कोसळून रस्ते गेलेले, जळवा, त्यात सिक्कीमच्या दिवाणाचा हा गोरा माणूस तिबेटच्या सीमेकडे सरकायला नको म्हणून छुपा विरोध. खालून येणारा शिधा वेळेवर पोचायचा नाही. बरोबरची माणसं रानातलं काय काय खाऊन दिवस काढत होती. फर आणि गुरांसच्या (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या) पट्ट्यात एक मोठी, जाड देठाची अळंबी निघते, जांभळट छटेची. तिकडे तिला 'ओंगलाव' म्हणत. तिबेटी लोक 'युंगला चामो' म्हणत, आणि यातल्या 'चामो'चा अर्थच अळंबी, अशी हूकरची तळटीप आहे. आजच्या तिबेटीत तो शब्द 'शामो' असा ऐकू येतो, भूतानमध्ये 'शामु'. बर्कलीने तिचं नाव ठेवलं कॉर्टिनारियस इमोडेन्सिस. 'इमोडस' हे ग्रीकांचं हिमालयासाठीचं जुनं नाव.

पुढे काय झालं ते सॉफ्टवेअरवाल्यांना विशेष आवडेल. कॉर्टिनारियस कुळातल्या अळंब्यांच्या टोपीखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा असतो. ओंगलावच्या देठाला मात्र चांगलं जाडजूड कडं आहे. त्यामुळे नंतरच्या तज्ज्ञांनी तिला तिथून उचलून कडंवाल्यांच्या 'रोझाइटिस' नावाच्या वेगळ्या प्रजातीत टाकलं. अनेक वर्षं ती पुस्तकांत त्याच नावाने राहिली. मग २००२ मध्ये डीएनएचे क्रम लावून बघितले तर रोझाइटिस असा वेगळा गट नाहीच, ती सगळी कॉर्टिनारियसच्याच झाडाच्या फांद्यांवर इकडेतिकडे बसलेली मंडळी! कडं वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे आलेलं. ओंगलाव परत कॉर्टिनारियस इमोडेन्सिस झाली. थोडक्यात, दीडशे वर्षांनी पाद्रीबाबांचा मूळ कमिट रिव्हर्ट होऊन परत आला. लाचेनच्या बाईने मधल्या काळात तिला एकदाही रोझाइटिस म्हटलं नसणार, ही गोष्ट वेगळी.

हे झालं एका अळंबीचं. पण 'कुठे काय उगवतं' याचं उत्तर नुसत्या नावांनी मिळत नाही, डोंगर उभा चिरून बघावा लागतो. आणि त्यासाठी सिक्कीमसारखी जागा नाही. तीस्तेच्या काठी उंची जेमतेम हजार फूट, आणि वर कांचनजंगा ८५८६ मीटर. हे सगळं पुणे-मुंबईपेक्षा कमी अंतरात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. तिथल्या हिशेबात ते अजून पायथ्यातच मोडतं.

खाली, तराईत, साल वृक्षांचं जंगल. सालाच्या मुळांवर बुरशीचं अस्तर असतं. झाड बुरशीला साखर देतं, बुरशी झाडाला जमिनीतलं फॉस्फरस-नायट्रोजन आणून देते, आणि पाऊस पडला की ती बुरशी वर डोकं काढते, ती आपली अळंबी. या मैत्रीला 'मायकोऱ्हायझा' हा शब्द मिळाला १८८५ मध्ये. तो ठेवणारे आल्बर्ट फ्रांक हे बर्लिनचे प्राध्यापक. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची शेती करायची होती, म्हणून त्यांना कामाला लावलेलं. ट्रफलची शेती त्यांना काही साधली नाही, पण जंगलाकडे बघायची नजर बदलून गेली. हूकर सिक्कीममध्ये होता तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. अमुक अळंबी अमुक झाडाखालीच का, हा प्रश्न तेव्हा निरीक्षणापुरताच होता.

याच उबदार पट्ट्यात वाळवीच्या वारुळावरची अळंबीही असते, आपल्या कोकणातल्या अळंबीची सख्खी बहीण. तिची भागीदारी झाडाशी नसून वाळवीशी. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याचा लगदा करून त्यावर ही बुरशी चक्क पिकवते. हा प्रकार लिहून ठेवणारा पहिला युरोपियन आपल्याच देशात होता : योहान केनिग, लिनिअसचा शिष्य, तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतला डॉक्टर. त्याने तंजावरकडच्या वाळवीवर १७७९ मध्ये लिहिलं. या अळंबीच्या प्रजातीला टर्मिटोमायसेस हे नाव मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये दिलं. डोंगर चढत गेलं की थंडीमुळे ही वाळवी संपते, आणि वाळवी संपली की ही अळंबी संपते. इतकं स्वच्छ कारण असलेली सीमारेषा निसर्गात क्वचितच सापडते.

त्याच्यावर पाच ते आठ हजार फुटांत ओक आणि कटुस. कटुस म्हणजे जंगली चेस्टनट. हा पट्टा सगळ्यात श्रीमंत. मुळांशी मैत्री करणारी झाडं भरपूर, पाऊस महामूर, आणि कुजायला लाकूड हवं तेवढं. टोपीखाली पात्यांऐवजी स्पंजासारखी छिद्रं असलेल्या बोलीटस मंडळी इथे, ठिसूळ देठाच्या रुसुला इथे, मोडल्यावर दुधासारखा चीक सोडणाऱ्या इथे. बर्कलीने हूकरच्या नमुन्यावरून १८५१ मध्ये बोलीटस इमोडेन्सिस म्हणून एक नोंदवली, टोपीवर लालसर खवले, कडेला झालर. तीही नंतर दुसऱ्या प्रजातीत गेली, पण आडनाव हिमालयाचंच राहिलं.

दहा हजारांच्या वर फर, हेमलॉक आणि गुरांस. इथे एक फसवी गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये गुरांस फुलतो तेव्हा सगळा डोंगर लाल-गुलाबी होतो, त्यामुळे वाटतं इथलं सगळं त्याच्याच जिवावर चाललंय. पण गुरांसच्या मुळांतली बुरशी वेगळ्या जातकुळीची असते, ती टोपीवाली अळंबी उगवत नाही. गुरांसच्या गर्दीत दिसणाऱ्या मोठ्या अळंब्या बहुतेक करून शेजारच्या फरच्या किंवा ओकच्या पाहुण्या. फर तोडला आणि नुसता गुरांस उरला, तर फोटो तितकाच सुंदर येईल, पण खालचं अर्धं गाव उठून गेलेलं असेल.

झाडं संपतात तिथेही अळंबी संपत नाही. वीतभर उंचीच्या बुटक्या विलोच्या मुळांशी तीच मैत्री चालू असते. आणि गवताळ उतारावर भेटते ती यार्सा गुंबू, आपल्याकडे बातम्यांत 'कीडाजडी' म्हणून येते ती. एका पतंगाची अळी जमिनीखाली असताना बुरशी तिच्यात शिरते, आतून तिला खाऊन टाकते, आणि वसंतात अळीच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. तिबेटी नावाचा अर्थ 'उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा'. हिलाही पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते बर्कलीनेच, १८४३ मध्ये, चीनहून आलेल्या नमुन्यावरून. हूकर भारतात येण्याच्या पाच वर्षं आधी!

बर्कलीच्या दृष्टीने ती एक चमत्कारिक वस्तू होती. १९९३ मध्ये चिनी धावपटू मुलींनी जागतिक विक्रमांची रांग लावली आणि त्यांच्या प्रशिक्षकाने तिचं श्रेय (इतर गोष्टींबरोबर) या किड्याला दिलं, तेव्हापासून तिचे भाव सोन्याच्या भाषेत बोलले जायला लागले. नेपाळमध्ये, उत्तराखंडच्या पिठोरागढ-चमोलीकडे मे-जूनमध्ये अख्खी गावं कुटुंबासकट वर तंबूत जाऊन राहतात, गुडघ्यावर रांगत काड्या शोधतात. २००९ च्या जूनमध्ये नेपाळच्या मनांग जिल्ह्यात नार गावच्या लोकांनी आपल्या कुरणात शिरलेल्या गोरखा भागातल्या सात जणांना ठार मारलं. कारण हेच. २०२० मध्ये ही बुरशी जागतिक संकटग्रस्त यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदवली गेली. तेव्हा 'अळंबीचं वितरण' हा विषय ऐकायला कितीही निरुपद्रवी वाटला, तरी कुठलं कुरण कोणाचं हा प्रश्न त्याच्या पोटातच आहे.

आणि त्या प्रश्नातून हूकरही सुटला नव्हता. १८४९ च्या नोव्हेंबरात त्याला आणि दार्जिलिंगचा अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्पबेल याला सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी तिबेटच्या सीमेजवळ पकडलं. कॅम्पबेलला मारहाण झाली, हूकरला नाही. डिसेंबर अखेरीस दोघं सुटले. इंग्रजांनी त्याचं निमित्त करून १८५० मध्ये सिक्कीमचा तराईचा भाग घशात घातला, म्हणजे मगाचं ते सालाचं जंगल. हूकरच्या वर्णनात दिवाण हा खलनायक आहे. मला तो वाचताना तितकासा खलनायक वाटत नाही. आपल्या देशाच्या खिंडी मोजणारा, नकाशे काढणारा परका माणूस 'मी फक्त फुलं गोळा करतो' म्हणत असेल, तर त्याच्यावर संशय घेणं हे दिवाणाचं कामच होतं. शिवाय हूकर खरंच नकाशे काढत होता, आणि उत्तम काढत होता.

आता नकाशावरून आठवलं. हिमालयातल्या अळंब्यांच्या नोंदी घेऊन ठिपके मांडले, तर जो नकाशा मिळतो तो अळंब्यांचा नसतो. तो माणसं कुठे चालली त्याचा असतो. तीस्तेच्या कडेने लाचेन-लाचुंगला ठिपके दाट, कारण तिबेटच्या खिंडी तिकडे आणि हूकर तिकडे गेला. दार्जिलिंगला दाट, कारण राहायची सोय. पलीकडच्या खोऱ्यात काहीच नाही, याचा अर्थ तिथे अळंबी नाही असा नव्हे, तिथे कोणी पावसाळ्यात गेलं नाही असा. आमच्या धंद्यात याला नाव आहे : लॉग नाही म्हणजे एरर नाही, असं समजू नये.

हूकरनंतर हे ठिपके भरायला हवे होते. ते झालं नाही, आणि त्याचं कारण पैसा. १९०१ मध्ये एडविन बटलर भारतात आले, पुढे बिहारमधल्या पुसा इथल्या शेतकी संस्थेत त्यांनी भारतातल्या बुरशीशास्त्राचा पाया घातला. पण सरकारला हवं होतं ते गव्हाचा तांबेरा, उसाची लाल कूज असल्या रोगांवर उत्तर. ते साहजिकच होतं. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी तांबेऱ्याच्या मागे आयुष्य घातलं आणि दाखवून दिलं की उन्हाळ्यात मैदानात मरणारा हा रोग थंड डोंगरांत तग धरून राहतो आणि वाऱ्याबरोबर परत खाली येतो. म्हणजे डोंगरातल्या बुरशीकडे लक्ष गेलं, पण मैदानातल्या गव्हापायी. बटलर आणि बिस्बी यांनी १९३१ मध्ये भारतातल्या बुरश्यांची मोठी यादी छापली, आणि हिमालयातल्या मांसल अळंब्यांच्या बाबतीत त्या यादीचा मोठा आधार पुन्हा तीच जुनी पार्सलं.

सिक्कीममध्ये अळंबी या विषयासाठी म्हणून नीट पावसाळी फेऱ्या झाल्या त्या बऱ्याच उशिरा. बोटॅनिकल सर्व्हेचे कनाद दास यांनी पश्चिम सिक्कीममधल्या बर्से अभयारण्यातल्या अळंब्यांवर पुस्तक केलं ते २००९ च्या सुमाराचं. बर्से फक्त १०४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे हूकरच्या प्रवासानंतर साठ उणे दोनशे नव्हे, पण दीडशेच्या वर वर्षं गेली, आणि तरी एका अभयारण्यापुरतं. त्यानंतर दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिक्कीममधून शास्त्राला नव्या असलेल्या जाती एकामागून एक नोंदवल्या आहेत, विशेषतः रुसुला आणि चीकवाल्या अळंब्यांमधल्या.

'नव्या' हा शब्द इथे जरा जपून वाचायला हवा. यातल्या कित्येक जाती बाजारात विकल्या जात होत्या. त्यांना नेपाळीत काहीतरी 'च्याउ' म्हणून नाव होतं. शास्त्राच्या वहीत मात्र त्या बऱ्याचदा युरोपातल्या कुठल्या तरी जातीच्या नावाखाली दडपलेल्या होत्या. बर्कलीसमोर वाळका तुकडा आणि चित्र, आणि तुलनेला इंग्लंडची अळंबी. दिसायला सारखी, तर दिलं तेच नाव. हिमालयातली गुच्छी घ्या. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या देवदारांखालून येते, किलोला हजारोंनी विकली जाते. तिला वर्षानुवर्षं युरोपातल्या दोनतीन नावांपैकी एक चिकटवून मोकळं होत असत. डीएनए बघायला लागल्यावर कळलं की युरोपची आणि आशियाची अशी सरसकट एकच गुच्छी मानता येत नाही, एकेका नावाखाली बऱ्याच जाती आहेत.

'नावात काय आहे' असं ज्याला वाटतं त्याने आसामच्या बातम्या वाचाव्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले. बहुतेक चहामळ्यांतली कुटुंबं. घातक अमानिटांमधलं विष पेशीतली प्रथिनं बनवायची यंत्रणाच बंद पाडतं. वाईट म्हणजे ते लगेच कळत नाही. सहा-बारा तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग मध्येच बरं वाटायला लागतं, लोक दवाखान्यातून घरी येतात, आणि तेवढ्यात यकृत गेलेलं असतं. शिजवून, वाळवून, चांदीचा चमचा काळा पडतो का बघून काही उपयोग नाही.

आता, चहामळ्यांतल्या मजुरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी छोटा नागपूर आणि ओडिशाच्या बाजूने आणले. सालाच्या जंगलातली माणसं ती, अळंबीची उत्तम जाण असलेली. पण ती जाण त्या जंगलाची. कॅलिफोर्नियात असंच घडल्याच्या नोंदी आहेत : आग्नेय आशियातून गेलेल्या कुटुंबांनी तिथली 'डेथ कॅप' ही आपल्या गावाकडची पेंढ्यावरची अळंबी समजून खाल्ली, कारण लहानपणी दोन्ही अगदी सारख्या दिसतात. आसामातही प्रत्येक वेळी असंच झालं असेल असा माझा दावा नाही. पण बर्कलीने सिक्कीमच्या अळंबीत इंग्लंड बघितलं ते याच वाटेने, एवढं मला दिसतं. फक्त त्याला ती खायची नव्हती.

सह्याद्रीचं काय, असा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची मुळांतली बुरशी अशी असते की ती टोप्या उगवतच नाही. ओक, फर, पाइन असला मैत्रीवाला गोतावळा आपल्याकडे नाही, दक्षिणेकडच्या काही वृक्षांचा अपवाद सोडून. म्हणून आपल्या रानात मुख्य कारभार लाकूड-पाचोळा कुजवणाऱ्यांचा आणि वाळवीच्या भागीदारांचा. हिमालयाच्या यादीशी तुलना करून 'आपल्याकडे कमी' म्हणण्यात अर्थ नाही, जंगलच वेगळ्या करारावर चाललंय.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात रात्री बॅटरी बंद करून उभं राहिलं तर कुजक्या काटक्या हिरवट उजळलेल्या दिसतात. हल्ली जूनमध्ये त्यासाठी गर्दीही होते. हूकरने दार्जिलिंगला हेच पाहिलं. त्याने लिहिलंय की मे ते ऑक्टोबर, पाच ते आठ हजार फुटांत, जंगलात चार पावलं आत गेलं की रोज रात्री हा उजेड दिसे. इतकंच काय, चुलीसाठी रचलेल्या लाकडांच्या ढिगातही एखादा ओंडका फिकट चमकत असायचा. गावातले गोरे लोक असे ओंडके त्याच्याकडे पाठवून विचारत, हे काय आहे हो?

तो उजेड कशाने पडतो हे रसायनाच्या पातळीवर उलगडलं २०१५ मध्ये, आणि त्यामागची जनुकं सापडली २०१८ मध्ये. दार्जिलिंगच्या त्या ओंडक्यांत नेमकी कुठली जात होती हा प्रश्न तसाच राहिला. लाकडात नुसते बुरशीचे तंतू होते, आणि वर अळंबी आलेली नसेल तर तंतूंवरून नाव देणं तेव्हा शक्य नव्हतं. बर्कलीचा सगळा संग्रह १८७९ मध्ये क्यूला गेला. साडेबारा लाख नमुन्यांच्या तिथल्या बुरशीघरात ओंगलावचा वाळका तुकडा आजही आहे, आणि सिक्कीममध्ये कोणाला ती जात पक्की करायची झाली तर शेवटी तोच बघावा लागतो. चमकणारे ओंडके त्या पार्सलांत कधी गेले नाहीत. ते चुलीत गेले.